बिबट्या लांबूनच बघा. दुर्बीण घेताना हे दोन आकडे तपासा

बोरिवली : राष्ट्रीय उद्यानालगतच्या आणि आरेतल्या पाड्यांना बिबट्या नवा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे बंदुकीवरच्या दुर्बिणीचं इथे काम नाही. पण घरातूनच, लांबून खात्री करायला हातातली दुर्बीण उपयोगी पडते.

दुर्बिणीवर ‘८×४२’ असं लिहिलेलं असतं. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागा, उत्तर पाचाच्या वर येतं. हे उत्तर जितकं मोठं, तितकं अंधुक उजेडात चांगलं दिसतं. १०×२५ चं उत्तर अडीचच. दिवसा चालेल, पण बिबट्या फिरतो तो दिवेलागणीनंतर.

‘शंभरपट झूम’ला भुलू नका. दहापटीच्या पुढे हात जरा हलला की चित्रही हलतं. घेताना दुकानाबाहेर येऊन लांबची पाटी वाचा. अक्षरं दोन-दोन दिसली तर ती दुर्बीण नको. चष्मा असेल तर तो लावूनच बघा. सूर्याकडे मात्र कधीच रोखू नका.

बिबट्या वस्तीत शिरला तर त्याच्या मागे जाऊ नका. वन विभागाला १९२६ वर फोन करा.