मुलांना घरी वाचायला बसवा

मूल शाळेत अक्षरे शिकते. पण वाचनाची गोडी घरीच लागते. “आम्हीच आता कुठे वाचू लागलो, पोरांना काय शिकवणार?” असे काही जण म्हणतात. भिऊ नका. तुम्हाला मास्तर व्हायचे नाही, मुलाजवळ बसायचे आहे.

रोज दहा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचू द्या. शब्दाखाली बोट ठेवायला सांगा. मुले बहुधा जोडाक्षरावर अडतात. ‘पुस्तक’ अडले, तर अर्धा स आणि पुरा त दाखवा. रागावू नका, मारू नका. मार बसला की पुस्तकाचीच धास्ती बसते. वाचून झाले की गोष्ट विचारा. अर्थ कळला नाही, तर ते वाचन नव्हे.

घरी पुस्तक नसले तरी अडत नाही. एस.टी.ची पाटी, कॅलेंडर, बियाण्याची पिशवी, सारे वाचता येते. शाळेत ‘किशोर’ मासिक मागून पाहा. ते १९७१ पासून मुलांसाठी निघते.

मुलीलाही तेवढाच वेळ द्या. भांडी घटकाभर थांबतील. आज ती वाचायला शिकली, तर उद्या सातबारा वाचून घ्यायला तिला कुणाच्या दारी जावे लागणार नाही.