भीमेला चढण होती तेव्हा

निळ्या परांचा महासीर आता संकटग्रस्त राहिला नाही, ही बातमी २०२० च्या नोव्हेंबरात वाचली आणि दिवसभर कशात मन लागलं नाही. लोणावळ्याला वळवण धरणाकाठी गेली पन्नास वर्षं या माशाची अंडी उबवून पिल्लं देशभर पाठवली जातात, त्या कामाचं सगळीकडे कौतुक झालं. कष्ट खरे आहेत, ते नाकारणार नाही. पण वढू बुद्रुकमध्ये भीमेकाठी जन्म काढलेल्या माणसाने या बातमीवर आनंद कसा मानायचा? आमच्या नदीतून तो मासा गेला तो गेलाच.

शास्त्राला या माशाची ओळख झाली ती पुण्याच्याच पाण्यातून. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचं वर्णन केलं ते मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे १९१५ ला खोपोली, १९२२ ला भिवपुरी आणि १९२७ ला भिरा अशी वीजघरं सुरू झाली. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट माणसांच्या जमिनींसाठी लढले. नदीतल्या जिवांसाठी उभं राहायला कोणी नव्हतं. इंद्रायणीच्या डोंगराकडचं पाणी वळवण आणि शिरवत्यात अडलं, आंध्रा नदीचं ठोकरवाडीत, आणि वीज करून ते घाटाखाली कोकणात गेलं. ही इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि तिथून खाली वढू. म्हणजे ते पाणी आमच्या वाट्याचं होतं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाच्या निवाड्यानेही १९७६ साली हे पश्चिमेला वळवणं चालू ठेवलं. १९८० ला खाली उजनी उभं राहिलं.

मी पाहिलं ते नव्वदचं दशक. मृगाचा पाऊस घाटावर झाला की दोन दिवसांत तांबडं पाणी यायचं आणि अंडी घालायला वर निघालेल्या माशांची चढण सुरू व्हायची. भोईवाड्यातली माणसं रात्री गॅसबत्त्या घेऊन नदीवर जायची. जाळ्यात आलेल्या माशाचं पोट नुसतं बोटाने दाबलं तरी अंडी बाहेर यायची. जाणती माणसं अशी मादी परत पाण्यात सोडत. त्याच दशकात वर चासकमानची भिंत पुरी होत आली, भामेवर आसखेडचं काम चाललं होतं आणि नदीत जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. एका वर्षी दसऱ्यानंतर घरात कोळशी मासळी चिरली. पावसाळा सरला होता, पोट रिकामं हवं होतं. आत जुनी अंडी तशीच होती. काळपट, दह्याच्या गाठींसारखी एकमेकांना चिकटलेली. वाहतं पाणी, खडी आणि वर जायची वाट मिळाली नाही की अशा माशाची मादी अंडी टाकतच नाही. ती शरीरातच जिरत जातात. त्या पावसाळ्यानंतर अशी पोटं मी पुष्कळ पाहिली.

पुढे नदीची आवर्तनं झाली. पाणी सुटलं की मासा पसरायचा, बंद झालं की डबक्यात अडकायचा. उन्हाने तापलेल्या त्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो, कल्ल्यांना उवा लागतात, अंगावर बुरशी चढते. धरणाच्या तळातून सुटणारं गार, निर्जीव पाणीही त्याला सोसत नाही. आता तर आळंदीकडून फेस वाहत येतो. देहूच्या घाटावर ज्यांना देवाचे मासे म्हणून कोणी हात लावत नव्हतं, ते मरून तरंगल्याच्या बातम्या वारंवार येतात.

नव्वदच्याच दशकात एका सरकारी बैठकीत मी विचारलं होतं की धरणाच्या भिंतीला माशांना चढायला पायऱ्यांची वाट का ठेवत नाही. साहेबांनी उत्तर दिलं की तळ्यात बीज सोडू, मासळी वाढेल. मासळी वाढली, ती चिलापीची. त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. बीज कुठेही नेऊन सोडलं की काय होतं ते कावेरीने भोगलं: इकडच्या जातीची पिल्लं तिथे सोडली आणि तिथला कुबडवाला महासीर नामशेष व्हायला आला.

अहीर माशाचं दुःख तर कोणी बोलतही नाही. सापासारखा लांब हा मासा जन्मतो समुद्रात आणि वाढायला नदीत येतो. बंगालच्या उपसागरातून कृष्णेने आणि मग भीमेने वर यायचं तर विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम, उजनी अशा भिंती. बोटभर पिल्लं ओल्या दगडावरून सरपटत चढतात, पण एवढ्या उंच भिंती कशा चढतील? जुना एखादा समुद्राकडे परत निघाला तर वाटेत वीजघरांची चक्रं. पात्याने कणा तुटतो आणि पाण्याचा दाब एकदम उतरला की पोटातली हवेची पिशवी फुटू शकते.

बंधाऱ्यांत पाणी अडवायला घातलेले ढापे मृगाआधी निघाले पाहिजेत. कित्येकदा पहिलं तांबडं पाणी येऊन जातं तरी ते जागेवरच असतात. कालवा समितीत शेतीचं पाणी ठरतं, पिण्याचं ठरतं, कारखान्यांचं ठरतं, माशांचं मात्र नाही. चासकमान आणि आसखेडमधून जूनअखेर चढणीसाठी चार दिवस पाणी सोडावं, एवढी मागणी मी यंदा लेखी दिली आहे.