पूडल-संकर कुत्र्यांचे कान : रचना, रोग व निगा

फरीदाबाद हे नगर दिल्लीच्या दक्षिणेस, पूर्वेकडील यमुना व पश्चिमेकडील अरवलीच्या टेकड्या यांच्या दरम्यान वसले आहे. मे व जून महिन्यांत येथे ‘लू’ नावाचा कोरडा व पोळणारा वारा वाहतो. पावसाळा सुरू झाला की तीच हवा थोड्या दिवसांत दमट व कोंदट होते. हा पालट माणसाला ताबडतोब जाणवतो आणि तो आपल्या वस्त्रांत व आहारात योग्य तो फरक करतो. परंतु घरात पाळलेल्या कुरळ्या केसांच्या कुत्र्याच्या कानात याच सुमारास काय घडत असते, याची कल्पना फार थोड्यांना असते. कुत्रे मान झटकू लागले, पंजाने कान खाजवू लागले व जवळ जाताच आंबूस वास येऊ लागला, म्हणजेच घरच्यांचे तिकडे लक्ष जाते. तोपर्यंत रोगाने बरेच मूळ धरलेले असते.

पूडल जातीशी अन्य जातींचा संकर करून निपजवलेली कुत्री अलीकडे आपल्या शहरांतून पुष्कळ दिसू लागली आहेत. कॉकर स्पॅनियलशी झालेल्या संकरास कॉकापू, तर लॅब्राडोरशी झालेल्या संकरास लॅब्राडूडल म्हणतात. ऑस्ट्रेलियातील अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या एका संस्थेत वॉली कॉनरन यांनी 1989 च्या सुमारास लॅब्राडूडलची पैदास केली. हवाई बेटांवरील एका अंध स्त्रीला मार्गदर्शक कुत्रे हवे होते, पण तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांची बाधा होत असे. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून हा प्रयोग करण्यात आला. तथापि जो केस जमिनीवर गळत नाही, तो अंगावर वाढतच राहतो. आणि पूडलच्या वंशात तो कानाच्या नळीतही वाढतो. लोंबती पाळी व केसाळ नळी या दोन्ही गोष्टी संकरित पिलाच्या वाट्याला बहुधा एकत्रच येतात.

लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधील 22,333 कुत्र्यांच्या 2016 सालच्या नोंदी तपासल्या. त्यांचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या एका वर्षात शंभरापैकी सुमारे सात कुत्र्यांना बाह्यकर्णाचा दाह झालेला आढळला. साध्या संकरित कुत्र्यांच्या तुलनेत लॅब्राडूडलमध्ये या रोगाची संभाव्यता जवळजवळ तिप्पट होती. ब्रिटनची हवा थंड आहे. फरीदाबादच्या श्रावण-भाद्रपदात कान ओले व उबदार राहण्यास अधिकच वाव मिळतो.

रोगाचे कारण समजण्यासाठी प्रथम कानाची रचना पाहू. माणसाची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची व बहुतांशी आडवी असते. कुत्र्याची नळी मात्र आरंभी उभी खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात वळून पडद्यापर्यंत जाते. नळीच्या आतील कातडीतून मेणासारखा स्राव पाझरतो. तसेच या कातडीच्या पेशी पडद्यापासून बाहेरच्या दिशेने अत्यंत मंद गतीने सरकत असतात. त्यांच्याबरोबर मळ व धूळही बाहेर येते. म्हणजे निरोगी कान स्वतःच स्वतःची सफाई करीत असतो.

केसांच्या गुंत्याने, ओलाव्याने अथवा सुजेने हा क्रम खुंटला की मळ आत साचतो. कातडीवर एरवी अल्प प्रमाणात राहणारे मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट व काही जिवाणू तेथे झपाट्याने वाढतात. कातडी सुजते, नळी अरुंद होते आणि अरुंद नळीत मळ आणखी साचतो. हे दुष्टचक्र महिनोन्‌महिने चालले तर नळीची भिंत जाड व कठीण होते, पडदा फाटतो, मध्यकर्णात पू होतो व श्रवणशक्ती मंदावते. काही जनावरांच्या बाबतीत शस्त्रक्रिया करून संपूर्ण नळीच काढून टाकावी लागते. यांतील कित्येकांच्या दुखण्याचे मूळ अन्नातील अथवा हवेतील एखाद्या पदार्थाच्या वावड्यात असते. त्याचा शोध न घेता केवळ कान धूत राहिल्याने रोग पुनःपुन्हा उलटतो.

आता प्रत्यक्ष निगेकडे वळू. आठवड्यातून एकदा, उजेडात, पाळी उलटून कान पाहावा व त्याचा वास घ्यावा. कातडी फिकट गुलाबी असेल, मळ नाममात्र असेल व दुर्गंधी नसेल, तर काहीही करू नये. निरोगी कान वारंवार धुतल्याने त्याची कातडी ओली राहून नरम पडते व रोगास अनुकूल होते. ज्यांच्या कानात मळ लवकर साचतो त्यांचे कान पशुवैद्याने ठरवून दिलेल्या अंतराने धुवावेत. स्नानानंतर अथवा पावसात भिजल्यावर कान कोरडे करण्यास मात्र विसरू नये.

धुण्यासाठी कुत्र्यांच्या कानांकरिता तयार केलेले द्रावण वापरावे. बाटली हातात धरून किंचित कोमट करावी, कारण थंड द्रावणाने कुत्रे दचकते. पाळी हलकेच वर उचलून धरावी, म्हणजे नळीचे वळण थोडे सरळ होते. बाटलीचे टोक कानाला न लावता नळी भरेपर्यंत द्रावण सोडावे आणि कानाचा बुडखा बाहेरून अर्धा मिनिट चोळावा. आत पचपच असा आवाज येईल. मग कुत्र्याला खुशाल मान झटकू द्यावी. बाहेर आलेला मळ कापसाच्या बोळ्याने, बोट सहज पोहोचेल तेवढाच, टिपून घ्यावा. दुसऱ्या कानासाठी नवा बोळा घ्यावा. शेवटी आवडीचा खाऊ द्यावा, म्हणजे पुढील खेपेस बाटली पाहताच ते पळून जाणार नाही.

काडीला गुंडाळलेला कापूस मळाला वळणापलीकडे ढकलतो, म्हणून तो वर्ज्य समजावा. मोहरीचे कोमट तेल कानात घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पण कुत्र्याच्या वाकड्या नळीतून ते बाहेर येत नाही व त्यावर धूळ चिकटते. स्पिरिट व हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी सुजलेल्या कातडीची आग होते. नळीतील केस उपटण्याची प्रथा केशकर्तन करणाऱ्यांत रूढ आहे. परंतु प्रत्येक उपटलेल्या केसाच्या मुळाशी सूक्ष्म जखम होते, यास्तव निरोगी कानातील केस नित्यनेमाने उपटू नयेत. पाळीखालचे व नळीच्या तोंडाभोवतीचे केस कात्रीने आखूड ठेवल्यास हवा खेळती राहते. आतील केसांत मळ अडकतच असेल, तर ते काढावेत की नाही याचा निर्णय पशुवैद्यावर सोपवावा.

कान दुखत असेल, पू अथवा रक्त येत असेल, मान एका बाजूस कललेली असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर घरी कोणतेही द्रावण घालू नये. पडदा फाटलेला असल्यास काही औषधे अंतःकर्णास इजा करून कायमचे बहिरेपण आणू शकतात. पावसाळ्यानंतर अरवलीच्या पायथ्याशी गवत वाळते. तेथून फिरून आलेले कुत्रे अकस्मात एकच कान झटकू लागले, तर आत कुसळ गेल्याचा संशय धरावा व त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. झटकण्याच्या जोराने पाळीतील रक्तवाहिनी फुटून पाळी फुगते, तेव्हाही विलंब करू नये.

पशुवैद्य कानातील मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. यीस्टवरील औषध जिवाणूंवर चालत नाही आणि कानात राहणाऱ्या सूक्ष्म किडींवर तिसरेच औषध लागते. म्हणून मागील वर्षीची उरलेली बाटली कपाटातून काढून वापरणे धोक्याचे आहे. खाज थांबली म्हणून मध्येच औषध सोडणेही तितकेच घातक होय. कान आतून बरा झाला की नाही, हे पुन्हा तपासल्यावाचून कळत नाही. वेदना होत असताही कुत्रे पुष्कळ दिवस खाते, खेळते व दाराशी शेपूट हलवीत येते. त्यामुळे त्याच्या आनंदी वृत्तीवरून कानाची परीक्षा करू नये. पाळी उलटून पाहावी.