आकाशातल्या पलंगाचा खटला

विमानांच्या सीट मॅपचं मला जुनं वेड आहे. तिकीट काढायचं नसलं तरी मी ते उघडून बसतो. पुढच्या भागात एका ओळीतल्या सीट 2-3-2 अशा आहेत की 1-2-1, खिडकीजवळचे चौकोन सरळ आहेत की तिरके, पहिल्या रांगेपुढे किती मोकळी जागा सोडली आहे, हे बघण्यात रात्र कधी सरते ते कळत नाही. त्यामुळे ओळखीतल्या कुणाला कंपनीच्या खर्चानं लंडनला किंवा न्यूयॉर्कला जायचं असलं की फोन मला येतो: "बिझनेस क्लासचे पैसे मिळताहेत, कुठल्या एअरलाइननं जाऊ?" मी उलट विचारतो, "विमान कुठलं आहे? आणि झोपल्यावर पाय कुठल्या दिशेला जातात?" पलीकडे क्षणभर कुणी बोलत नाही. त्यांनी लाउंज, जेवण आणि माइल्स यांची तुलना करून ठेवलेली असते.

मुंबईहून लंडन म्हणजे नऊ तासांहून जास्त, अमेरिकेचा पूर्व किनारा थेट गाठायचा तर पंधरा-सोळा तास. साध्या वर्गाच्या कितीतरी पट भाडं भरून माणूस नेमकं काय विकत घेतो? माझं उत्तर एकच आहे: झोप. सकाळी उतरून थेट बैठकीला जाणाऱ्यासाठी बाकी सगळं दुय्यम आहे. आणि ही झोप एअरलाइनच्या नावावरून ठरत नाही. ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानात दार लावून घेता येणारी स्वतंत्र खोली मिळते, तर तिच्याच दुसऱ्या विमानात खिडकीजवळच्या माणसाला शेजाऱ्याचे पाय ओलांडून बाहेर यावं लागतं. एमिरेट्सच्या ए380 मध्ये प्रत्येक सीटवरून थेट वाटेत पाऊल टाकता येतं, पण तिच्याच जुन्या 777 मध्ये बिझनेस क्लासला मधली सीटसुद्धा आहे. एअर इंडियाच्या ए350 मधली दारवाली 1-2-1 मांडणी आणि 777-300ईआर विमानांमधली जुनी 2-3-2 यांच्यामध्ये एक पिढी गेलेली आहे. नाव तेच, भाडंही जवळपास तेच.

हा फरक कसा पडला याचा शोध घेताना मी एका युरोपियन पेटंटापर्यंत पोचलो. क्रमांक ईपी 1495908. वर्षानुवर्षं कोर्टात गाजलेल्या या कागदाच्या भांडणात मुंबईची जेट एअरवेजही ओढली गेली होती.

बिझनेस क्लासचा आरंभ थोडक्यात सांगतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस क्वांटास आणि इतर कंपन्यांनी पहिला वर्ग आणि साधा वर्ग यांच्या मधला एक वर्ग काढला. पुढची वीस वर्षं सीट रुंद होत गेली, पाठ जास्त मागे जाऊ लागली, पायाखाली आधार आला. पण माणूस बसलेलाच राहिला.

खरी अडचण भूमितीची होती. बसलेल्या माणसाला मीटर-सव्वा मीटर लांबी पुरते, आडव्या माणसाला दोन मीटर लागतात. सगळ्यांना तोंड पुढे करून आडवं झोपवायचं तर रांगा निम्म्या होतात आणि हिशेब कोसळतो. मग बऱ्याच कंपन्यांनी तडजोड केली. पलंग सपाट, पण तिरपा. डोकं वर, पाय खाली आणि पुढच्याच्या सीटखाली. जाहिरातीत तो आडव्या पलंगासारखाच दिसे. प्रत्यक्षात झोपलेला माणूस रात्रभर हळूहळू खाली सरकत राही.

2000 साली ब्रिटिश एअरवेजनं हे कोडं सोडवलं. लंडनच्या टँजरिन या डिझाइन संस्थेनं तिच्यासाठी निम्म्या सीट उलट्या फिरवल्या. एकाचं तोंड पुढे, शेजाऱ्याचं मागे. माणूस खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळता असतो, म्हणून एकाच्या खांद्याशेजारी दुसऱ्याचे पाय आले की जागा वाचते. 747 मध्ये एका ओळीत आठ जण झोपू लागले, तेही पूर्ण सपाट. बिझनेस क्लासमध्ये असं आधी कुणी केलं नव्हतं. उड्डाणाच्या वेळी अनोळखी माणसाशी डोळ्याला डोळा भिडत असे, म्हणून मधे पडदेवजा फळी घातली. या मांडणीला लोक पुढे बरीच नावं ठेवू लागले, पण मला ती अजूनही विलक्षण बुद्धिमान वाटते.

नेमक्या त्याच सुमारास व्हर्जिन अटलांटिकनं आपली नवी सीट आणली होती. नाव जे2000. ती तिरपी होती. नवी सीट बाजारात येते न येते तोच जुनी ठरली आणि कंपनीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. डिझाइन विभागाचे प्रमुख जो फेरी यांच्या देखरेखीखाली 2003 साली अपर क्लास सूट उडू लागला. डिझाइनमध्ये पिअर्सनलॉइड या संस्थेचाही हात होता. यात सगळ्या सीट विमानाच्या अक्षाशी तिरक्या, एकामागोमाग एक, वरून पाहिलं तर बांगड्याच्या काट्यासारख्या. प्रत्येकाला थेट वाट मिळाली, कुणाचे पाय ओलांडायला नकोत.

आता त्या पेटंटाकडे येतो. पेटंटाची भाषा रुक्ष असते, पण या कागदातली कल्पना समजली तेव्हा मला मोठा आनंद झाला. सीट तिरकी ठेवली की तिची पाठ आणि विमानाची भिंत यांच्यामध्ये एक त्रिकोणी जागा उरते. बसलेल्या माणसाला तिचा काही उपयोग नाही. पण सीटचा पलंग करताना तो पाठीमागच्या त्या त्रिकोणात शिरवला, तर रांगांमधलं अंतर न वाढवता लांबी मिळते. सीटवर बसल्यावर जी जागा वाया जाते, तिच्यात झोपल्यावर डोकं आणि खांदे मावतात.

व्हर्जिनच्या सीटमध्ये आणखी एक गोष्ट होती. पलंग करायचा तर प्रवाशानं आधी उठून उभं राहायचं. मग पाठ पुढच्या बाजूला पालथी पडायची आणि तिची मागची बाजू वर यायची. बसायला एक बाजू, झोपायला दुसरी. चांगल्या खुर्चीला जो मऊपणा लागतो तो चांगल्या गादीला चालत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. हे उलटणं हाच शोधाचा गाभा, की त्रिकोणी जागेचा वापर हा गाभा? पुढची सगळी लढाई याच प्रश्नावर झाली.

वेल्समधल्या क्वमब्रानला कारखाना असलेल्या कॉन्टूर कंपनीनं सोलर एक्लिप्स नावाची सीट तयार केली. मांडणी तशीच काट्यासारखी, पण ती उलटत नसे. बटण दाबलं की बसल्या जागी सरकत सरकत सपाट होई. गिऱ्हाइकांत डेल्टा, एअर कॅनडा आणि आपली जेट एअरवेज. 2007 साली जेटनं मुंबई-ब्रसेल्स-न्यूअर्क सेवा नव्या कोऱ्या 777 विमानांनी सुरू केली, तेव्हा तिच्या प्रीमियर वर्गातली तिरकी 1-2-1 मांडणी युरोपातल्या नामांकित कंपन्यांच्या तोडीची, काहींच्या तर पुढची होती. भारतीय कंपनीबद्दल हे म्हणता येण्याचे दिवस फार थोडे होते, म्हणून ते आवर्जून नोंदवतो. पुढे मंदीत जेटनं यातली काही विमानं टर्किश आणि थाई एअरवेजला भाड्यानं दिली. इस्तंबूलहून निघालेला प्रवासी जेटच्या सीटवर झोपत होता.

व्हर्जिननं कॉन्टूरवर पेटंटभंगाचा दावा ठोकला. पुढे डेल्टा, एअर कॅनडा आणि जेट यांनाही कोर्टात खेचलं. 2009 च्या जानेवारीत लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लुइसन यांनी व्हर्जिनच्या विरुद्ध निकाल दिला: हे पेटंट उलटणाऱ्या सीटपुरतंच आहे, सोलर एक्लिप्स उलटत नाही, सबब भंग नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयात न्यायमूर्ती जेकब यांनी पारडं फिरवलं. पेटंटाच्या मुख्य कलमात उलटण्याची अट लिहिलेलीच नाही आणि पेटंट वाचणाऱ्या जाणकाराला लेखनाचे संकेत माहीत असतात, असं गृहीत धरून ते म्हणाले की पेटंट वैधही आहे आणि भंगही झाला आहे.

डेल्टाचा बचाव मला या सगळ्यात सर्वांत चतुर वाटतो. सीट वेल्समध्ये सुट्या बनतात, पण तिरकी रांग तयार होते ती अमेरिकेत विमानाला पक्क्या केल्यावर. मग ब्रिटनमध्ये कसला भंग? पहिल्या फेरीत हा मुद्दा टिकला, अपिलात मात्र टिकला नाही.

मुख्य खटल्याला मात्र अशी कलाटणी मिळाली की कायद्याचे विद्यार्थी आजही तो अभ्यासतात. युरोपियन पेटंटाला म्युनिचच्या युरोपियन पेटंट कार्यालयातही आव्हान देता येतं, आणि ते दिलेलं होतं. 2010 च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या अपील मंडळानं ठरवलं की कॉन्टूरच्या विरुद्ध वापरलेली व्यापक कलमं टिकत नाहीत. पेटंट सुधारून उलटणाऱ्या सीटपुरतं मर्यादित केलं गेलं, आणि कायद्यानं ही सुधारणा अगदी पहिल्या दिवसापासून लागू धरली जाते. म्हणजे ज्या पेटंटाचा भंग झाला असं लंडननं सांगितलं होतं, ते त्या रूपात कधी अस्तित्वातच नव्हतं.

व्हर्जिननं तरीही नुकसानभरपाई मागितली, 4 कोटी 90 लाख पौंडांहून जास्त. युक्तिवाद असा, की अंतिम निकाल लागला तो लागला. हरलेल्यानं नंतरच्या घटना दाखवून तो उकरायचा नाही. याला ब्रिटिश कायद्यात मोठी परंपरा होती. ती 1908 च्या एका बॉयलरच्या आवरणाबद्दलच्या खटल्यापर्यंत मागे जाते, आणि अपील न्यायालयानं 2004 व 2007 मध्ये तीच उचलून धरली होती. तोवर कॉन्टूर कंपनी फ्रेंच झोडियाक समूहानं विकत घेतली होती, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयात खटला व्हर्जिन विरुद्ध झोडियाक सीट्स यूके या नावानं उभा राहिला. 3 जुलै 2013 रोजी लॉर्ड सम्प्शन यांनी मुख्य निकाल दिला. भंग झाला की नाही हा मुद्दा पुन्हा उघडता येणार नाही, पण भरपाई किती हे ठरवताना पेटंट आता कोणत्या रूपात आहे ते झोडियाकला पुढे करता येईल. 2004 आणि 2007 चे निकाल चुकीचे ठरले. बॉयलरच्या आवरणापासून चालत आलेला शंभर वर्षांचा संकेत विमानातल्या पलंगापाशी संपला. दरम्यान 2012 मध्ये न्यायमूर्ती फ्लॉइड यांनी जेटच्या खटल्यात, सुधारित पेटंटाचा सोलर एक्लिप्स भंग करत नाही, असंही सांगितलं होतं.

माझं मत सम्प्शन यांच्या बाजूचं आहे. व्हर्जिनची कल्पना सुंदर होती, पण मूळ अर्जात उलटणारी पाठ सांगून नंतर सगळ्याच तिरक्या पलंगांवर हक्क सांगणं हे जास्त मागणं होतं. शिवाय प्रवासी म्हणून मला कॉन्टूरची सरकणारी सीट जास्त मानवते. अर्ध्या झोपेत उठून उभं राहायचं, मग पलंग उलटायचा, हे गादी कितीही चांगली असली तरी नकोसं होतं.

वकील भांडत होते तेव्हा प्रवाशांनी वेगळीच तक्रार पुढे आणली होती. जुन्या तिरक्या मांडणीत पाठ खिडकीकडे आणि पाय वाटेकडे. बाहेर बघायचं तर मान मुरगळायची, आणि झोपलेल्याच्या पायांशेजारून सगळं विमान ये-जा करणार. उपाय सोपा निघाला: तिरकेपणा उलटा करा. 2009 पासून यूएस एअरवेजच्या ए330 मध्ये आणि 2011 पासून कॅथे पॅसिफिकमध्ये झोडियाकच्या सिरस सीट आल्या. तोंड खिडकीकडे, पाय भिंतीच्या बाजूच्या खोबणीत, डोकं वाटेजवळ पण आडोशाला. आज चांगल्या समजल्या जाणाऱ्या बऱ्याच मांडण्या या उलट्या काट्याच्या वंशातल्या आहेत. 2017 मध्ये कतार एअरवेजची क्यूसूट ही सीट दारासह आली, आणि मग दाराशिवाय सीट विकणं सगळ्यांना अवघड होऊन बसलं.

तेव्हा फोन करणाऱ्यांना मी हे सांगतो. तिकिटावरचं नाव नंतर बघा, आधी विमानाचा प्रकार आणि सीट मॅप बघा. 1-2-1 असेल तर पुढे बोलू. खिडकीच्या सीट तिरक्या असतील तर त्यांचं तोंड खिडकीकडे आहे की वाटेकडे ते बघा. ब्रिटिश एअरवेजचं विमान असेल आणि ओळीत सात-आठ चौकोन दिसले, तर ती जुनी उलटसुलट मांडणी आहे हे समजून वाटेवरची सीट धरा. आखातातून जाणार असाल तर मुंबई-दुबईचे तीन तास झोपेचे नाहीत हे लक्षात ठेवा. रात्रीच्या मध्यावर उतरून पुन्हा चढायचं असेल तर पुढचा पलंग कितीही देखणा असला तरी झोपेचे दोन तुकडे होतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर साधारण सीटची थेट रात्र मी दोन तुकड्यांतल्या उत्तम सीटपेक्षा वरची मानतो, फक्त ती सीट तिरपी घसरती नसावी. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा नकाशा उघडा, कारण विमान बदललं की पलंगही बदलतो.

17 एप्रिल 2019 रोजी जेट बंद पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी व्हर्जिन अटलांटिक 787 घेऊन मुंबईला परतली, आणि मुंबईच्या प्रवाशाला आता उठून उभं राहून पाठ उलटवायला लावणाऱ्या त्या मूळ सीटच्या वंशातली सीट मिळू लागली. पण व्हर्जिननं 2019 मध्येच आणलेल्या ए350 च्या अपर क्लासमध्ये ती नव्हती. तिथे प्रवाशांची तोंडं खिडकीकडे वळली होती, आणि सीट होती सिरस एनजी. ती बनवणाऱ्या साफ्रान कंपनीनं 2018 मध्ये झोडियाकला, म्हणजे कॉन्टूरच्या क्वमब्रानच्या कारखान्यासकट, आपल्या पोटात घेतलं होतं.