काचपेटीतले पाणी आणि घराचा विमा

माशांची काचपेटी घरात आणताना तिच्या शोभेचा विचार होतो. तिच्यातील पाण्याचा क्वचितच होतो. तीन फूट लांब, एक फूट रुंद व दीड फूट उंच अशी साधी पेटी घेतली, तरी तीत काठोकाठ सव्वाशे लिटरहून अधिक पाणी मावते. हे पाणी दहा फूट लांबी-रुंदीच्या खोलीत एकदम पसरले, तर फरशीवर अर्ध्या इंचाचा थर उभा राहतो.

बालाघाट जिल्ह्यातील वारासिवनी हे गाव हातमागाच्या साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. विणकराच्या घरी राहण्याची जागा आणि कामाची जागा यांच्यात पुष्कळदा एखादी भिंतही नसते. माग जमिनीतील खड्ड्यावर बसविलेला असेल, तर सांडलेले पाणी प्रथम त्या खड्ड्याचाच शोध घेणार. म्हणून येथे हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

घराच्या विम्याचा ‘भारत गृह रक्षा’ हा नमुना विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना लागू केला. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर यांच्या जोडीला पाण्याच्या टाक्या, उपकरणे व नळ फुटणे किंवा भरून वाहणे, ही आपत्तीही त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. इमारतीचा विमा उतरविला की घरातील सामानाला इमारतीच्या विमा-रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, मात्र कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. पलंग, कपाट, दूरचित्रवाणी संच, कपडे हे सारे त्या सामानात येते.

मात्र या वाक्यातील ‘टाकी’ आणि ‘उपकरण’ या शब्दांत माशांची काचपेटी बसते काय? सामान्य माणूस म्हणेल, पाणी साठविते ती टाकीच. दाव्याची छाननी करणारा म्हणू शकेल की येथे अभिप्रेत आहे ती घराच्या पाणीपुरवठ्याची टाकी. असा वाद ओल्या गादीवर बसून घालण्यापेक्षा विमा घेतानाच काचपेटीचे माप व किंमत कळवून कंपनीचे उत्तर लेखी घ्यावे, हे शहाणपणाचे. प्रतिनिधीने तोंडी दिलेल्या होकारावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

त्यातही ‘फुटणे’ व ‘भरून वाहणे’ या आकस्मिक घटना आहेत. सांध्यातील चिकटद्रव्य झिजून महिनोन्‌महिने थेंब-थेंब झिरपलेले पाणी, आणि त्याने फुगलेले लाकूड किंवा पोपडे धरलेली भिंत, या शब्दांत सहसा बसत नाही. ते मालकाच्या देखभालीचे काम समजले जाते.

विणकरासाठी याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ‘घरातील सामान’ म्हणजे संसारोपयोगी सामान. विक्रीसाठी ठेवलेल्या साड्या, सूत, रेशीम हा व्यवसायाचा माल होय. गृहविम्याचे कागद हाती असूनही त्या मालाची भरपाई मिळेल असे धरून चालणे धोक्याचे आहे. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हा निराळा विमा त्याच तारखेपासून आहे. तसेच वरच्या मजल्यावरील पेटीचे पाणी खालच्या बिऱ्हाडकरूच्या छतातून उतरले, तर त्याची भरपाई हा दायित्वाचा प्रश्न होतो. त्यासाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. आणि मासे? सामानाच्या व्याख्येत वस्तू येतात. जिवंत प्राण्यांची आशा तेथे ठेवू नये.

१६ डिसेंबर २०२२ रोजी बर्लिनमधील एका हॉटेलातील प्रचंड मत्स्यालय पहाटे फुटले, सुमारे १० लाख लिटर पाणी रस्त्यापर्यंत गेले आणि दीड हजारांपैकी बहुतेक मासे मेले. घरच्या पेटीचे संकट मात्र बहुधा अशा गर्जनेने येत नाही. ते हवेच्या पंपाच्या बारीक नळीतून येते. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असला आणि वीज गेली, तर हवेचा दाब थांबताच पाणी नळीत उलटे चढू शकते व वक्रनलिकेप्रमाणे अखंड बाहेर वाहू लागते. घरची मंडळी अंधारात पंखा सुरू होण्याची वाट पाहत बसतात, आणि इकडे पेटी रिकामी होत असते. पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा किंवा नळीत एकमार्गी झडप बसवावी. तिची किंमत अगदी किरकोळ असते. विजेच्या तारेला प्लगाच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब प्लगात न शिरता खाली पडतो. पेटीखालचा मंच सर्व बाजूंनी समपातळीत असावा, नाहीतर भार एका कोपऱ्यावर येऊन काच तडकते.

एवढे करूनही पाणी सांडलेच, तर प्रथम मुख्य बटण बंद करून वीज तोडावी, मग पाण्यात पाय घालावा. छायाचित्रे घेऊन कंपनीला ताबडतोब कळवावे. फुटलेली काच पाहणी होईपर्यंत टाकून देऊ नये. ती कोठून व कशी तडकली यावरच पुष्कळदा निर्णय ठरतो. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा एक महिन्यात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बालाघाटच्या माणसाला राजधानीचे काम पडले की तो नागपूरची वाट धरी. या कामासाठी आता भोपाळच्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. तेथे वकील लागत नाही, आणि लोकपालाला ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार आहे.