दुबईहून काय आणलंस?

दुबईला लेकाकडे निघाले, तेव्हा निम्म्या गल्लीनं यादी दिली होती. कुणाला केशर, कुणाला अत्तर. लेकाचा हट्ट वेगळाच, "आई, तुला सोन्याची साखळी घ्यायची."

ही 2023 ची गोष्ट. आमचं गाव अंबड तालुक्यातलं. 2012-13 च्या दुष्काळात विकतचे टँकर आणूनही आमची मोसंबीची बाग वाचली नाही. कर्ज तेवढं राहिलं. पोरगा नोकरीला दुबईला गेला तो त्यापायीच. म्हणून तिथं कुठलीही वस्तू उचलली, की मी मनातल्या मनात दिरहमला बावीस-तेवीसनं गुणायची आणि गुपचूप खाली ठेवायची!

बर दुबईहून 1 दिरहम देऊन लाकडी होडीतून खाडी ओलांडली, की देरा. तिथला मसाल्यांचा बाजार बघावा बायांनो! उघडी पोती, वाळलेली काळी लिंबं, गुलाबकळ्या, वेलदोडे. मी विचारत सुटले, "हे कुठलं?" केशर इराणचं, लोबान ओमानचा, शाली काश्मीरच्या. उंटाचं चित्र असलेलं चुंबक उलटून पाहिलं, तर चीनचं. दुकानदार केरळचा आणि घासाघीस हिंदीत.

"अहो, पण इथलं काय?"

"खजूर, अम्मा."

अल ऐन, लिवाकडे खजुराच्या बागा आहेत. चाखून, भाव पाडून तीन किलो घेतला. गल्लीचा प्रश्न मिटला.

सोन्याच्या बाजारात मात्र डोळे दिपले. सोन्याचा दर सगळ्या दुकानांत सारखाच, घासाघीस करायची ती मजुरीवर. साखळी गळ्याला लावून आरशात पाहिलीसुद्धा. खोटं कशाला बोलू, आवडली होती. पण काढून ठेवली.

निघायच्या आदल्या दिवशी सुपरमार्केटात फळांपुढे थांबले. इजिप्तची संत्री, वर देशाचं नाव. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर आमच्या झाडांचं सरपण झालं होतं. लेकही तिकडेच बघत होता.

"पुन्हा लावायची का गं आई?"

"आणि पाणी?"

तो काही बोलला नाही. विमानतळावर साखळीचे पैसे हातात कोंबले, "शेततळ्याच्या कागदाला घे."

शेततळं झालं. न्यूसेलरची दोनशे कलमं लावलीत, अजून फळ नाही. जाऊबाई मात्र आल्या-गेल्याला सांगतात, "दुबईला जाऊन हिनं खजूर आणला!"