माळढोकाचे प्रणयाराधन आणि एका अंड्याचा हिशेब

पावसाच्या सरींनी माळरान हिरवे होऊ लागले, की महाराष्ट्रात माळढोकाचा विणीचा हंगाम सुरू होतो. सुमारे १ मीटर उंचीचा नर मोकळ्या, किंचित उंचवट्याच्या जागी उभा राहून शेपटी पाठीवर उलटी घेतो. गळ्याची पिशवी फुगून पांढऱ्या फुग्याप्रमाणे पायांपर्यंत लोंबू लागते. त्याचा घुमणारा खर्जातला हुंकार सुमारे अर्धा किलोमीटर ऐकू जातो.

हा खटाटोप कशासाठी?

बहुतेक पक्षी जोडीने राहतात आणि पिलांचे संगोपनही मिळून करतात. सारस हे त्याचे परिचित उदाहरण. माळढोकात मात्र एक नर अनेक माद्यांशी समागम करतो. नंतर अंडी उबवणे वा पिलू वाढवणे यात त्याचा काहीही वाटा नसतो. सारा भार मादीवर पडत असल्याने निवडीचा अधिकारही तिचाच. या निवडीत पसंती मिळवण्यासाठी नर दरवर्षी ठरावीक जागी हे प्रदर्शन मांडतो.

एकच अंडे

मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते व सुमारे २७ दिवस एकटीच उबवते. कुत्री, कोल्हे, गुरांचे पाय यांपासून ते वाचले तरच वंश पुढे सरकतो. प्रजननाचा वेग इतका मंद असताना वीजवाहिन्यांवर आदळून एक प्रौढ पक्षी मेला, तरी ती हानी भरून निघण्यास वर्षे लागतात. जड शरीर आणि समोरचे कमी दिसणारी नजर यांमुळे उडताना तारा चुकवणे त्याला जमत नाही. आज देशात दीडशेहून कमी माळढोक उरल्याचा अंदाज आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात १९७९ मध्ये अभयारण्य झाले. तेथेही आता त्याचे दर्शन अपवादानेच घडते.

प्रयोगशाळेची मदत

राजस्थानातील जैसलमेर येथे २०१९ पासून बंदिस्त प्रजनन प्रकल्प सुरू आहे. तेथे कृत्रिम मादीच्या साह्याने नराचे वीर्य मिळवून कृत्रिम रेतन करण्यात आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिले पिलू जन्मले. यामुळे संख्या वाढू शकेल. परंतु नराचा हुंकार दूरवर पोहोचण्यासाठी आणि मादीला निवड करता येण्यासाठी लागते ते मोकळे माळरान. पडीक समजून ते नांगरले गेले, तर पिंजऱ्यातील पिलांना परतण्यासाठी जागाच उरणार नाही.